सह्याद्रीकर यांच्या प्रतिक्रियेला उत्तर: पेपाल कुणाचं आणि ते टिकलं कशामुळे

सह्याद्रीकर, एवढी सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत त्याबद्दल आधी धन्यवाद, थोडी झोंबली पण ठीक आहे. ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. यांचं म्हणणं असं की पेपाल, म्हणजे इंटरनेटवरून पैसे पाठवायची सेवा, इलॉन मस्कनं काढलं आणि मी माझ्या लेखात आकसानं त्याला एका ओळीत उरकलं, पाम पायलट या खिशात मावणाऱ्या छोट्या संगणकावरून वेबवरच्या पेपालवर जाणं हा निव्वळ मटका होता त्याला मी उगाच शहाणपणाची झालर लावली, आणि भारतातून गाशा गुंडाळलेल्या कंपनीचं कौतुक यूपीआयच्या जमान्यात कशाला.

मस्कचं आधी. डिसेंबर १९९८ मध्ये मॅक्स लेव्हचिन, पीटर थील आणि ल्यूक नोसेक यांनी कंपनी काढली, आधी फील्डलिंक, मग तिचंच कन्फिनिटी झालं. पेपाल हे प्रॉडक्ट त्यांचं, १९९९ मधलं. मस्कची एक्स डॉट कॉम वेगळी, तिला बँक, गुंतवणूक, कर्ज असं सगळं एकाच दुकानात मांडायचं होतं. मार्च २००० मध्ये दोन्ही एकत्र आल्या, पुढे मस्क सीईओ झाला आणि काही महिन्यांतच तो परदेशात असताना बोर्डानं त्याला उतरवून थीलला बसवलं. त्यामुळे 'काढलं' हे बरोबर नाही. पण मी जे लिहिलं होतं की एक्स डॉट कॉमनं फक्त पैसा आणला, ते साफ चूक आहे, त्यावर खाली येतोच.

आता मटका. इथे मला खरंच भांडायचंय. लेव्हचिन मुळात क्रिप्टोग्राफीवाला, म्हणजे माहिती सांकेतिक रूपात लपवायच्या (एन्क्रिप्शनच्या) शास्त्रातला, त्याला हातातल्या छोट्या यंत्रांसाठी सिक्युरिटी सॉफ्टवेअर विकायचं होतं, ते कुणी घेईना, म्हणून मग त्या सिक्युरिटीला काहीतरी काम द्यायचं म्हणून पैसे पाठवणं आलं. दोन पाम पायलट समोरासमोर धरायचे आणि इन्फ्रारेडनं पैसे इकडून तिकडे. (समोर बसलेल्या माणसाला खिशातून नोट काढून देता येते की, हे तेव्हा कुणाला सुचलं नसेल असं नाही!) जुलै १९९९ मध्ये वुडसाइडच्या बक्स नावाच्या हॉटेलात नोकिया व्हेंचर्सनं ३० लाख डॉलरची गुंतवणूक अशीच पाम पायलटवरून दिली. नुसता देखावा करता आला असता, पण लेव्हचिन हट्टाला पेटला की एन्क्रिप्शन खरं चालायला पाहिजे, म्हणून लोक रात्ररात्र कोड लिहीत बसले आणि ट्रान्सफर झाल्यावर हा पठ्ठ्या टेबलावरच झोपला, उठला तर समोर ऑम्लेट आणि बाकी सगळे गेलेले.

वेबसाइटवरून ईमेलनं पैसे पाठवायची सोय ही जवळजवळ डेमो म्हणून ठेवलेली. ती ईबे या ऑनलाइन लिलावाच्या साइटवरच्या विक्रेत्यांनी उचलली, आमच्या लिलावाच्या पानावर तुमचा लोगो लावू का म्हणून विचारायला लागले, आणि कंपनीवाले सुरुवातीला त्यांना चक्क टाळत होते. इथवर तुमचं बरोबर, नशीबच. इथवरच.

कारण खरी गंमत पुढे आहे. नवीन खातं उघडलं की १० डॉलर, मित्राला आणलं की आणखी १०, त्यामुळे लोंढा आला. पण लोक पैसे भरायचे क्रेडिट कार्डनं, कार्डाचा चार्ज कंपनी खिशातून द्यायची, आणि वर चोर. चोरीच्या कार्डावरून पैसे काढले की खरा कार्डमालक तक्रार करणार आणि भुर्दंड पेपालला. २००० साली महिन्याला कोटीभर डॉलर जळत होते. ईबेची स्वतःची पैसे भरायची सेवा, बिलपॉइंट, समोर होती, तरी ती मागे पडली. पेपालकडे गर्दी आधी जमली होती हे आहेच, पण त्या चोरांना आवरता आलं नसतं तर तीच गर्दी कंपनीला बुडवून गेली असती. कंपनीतला इंजिनिअर डेव्हिड गॉसबेक आणि लेव्हचिननं, समोर माणूस आहे की प्रोग्राम हे कळायला, ती वेडीवाकडी अक्षरं ओळखायला लावणारी परीक्षा बसवली, आणि संशयास्पद व्यवहार पकडणाऱ्या सिस्टिमला नाव दिलं इगोर, हे नाव एका रशियन ठगाचं जो पत्रं पाठवून यांना डिवचायचा. म्हणजे जी सिक्युरिटी कुणी विकत घेत नव्हतं तीच शेवटी कंपनीच्या कामी आली. याला मटका म्हणायचं तर म्हणा, मी नाही म्हणणार.

आणि इथेच माझी चूक. तुमच्या बँक खात्यात दोन किरकोळ रकमा टाकायच्या आणि त्या किती ते तुम्ही सांगायचं, मग खातं तुमचंच हे सिद्ध, ही युक्ती संजय भार्गव यांची, आधी सिटीबँकेत असलेले, आणि ते आले एक्स डॉट कॉमकडून. त्यामुळे लोक कार्डाऐवजी बँक खात्यातून पैसे भरायला लागले आणि खर्च उतरला. फेब्रुवारी २००२ मध्ये शेअर १३ डॉलरनं बाजारात आला आणि त्याच वर्षी ईबेनं दीड अब्ज डॉलर मोजून कंपनी घेतली.

भारताचं म्हणाल तर १ एप्रिल २०२१ पासून फक्त देशांतर्गत व्यवहार बंद झाले, बाहेरून येणारे चालू आहेत. नाशिक-कोल्हापुरात बसून परदेशी क्लायंटचं काम करणाऱ्यांना विचारा, यूपीआयनं अमेरिकेतल्या कुठल्याही क्लायंटकडून डॉलर मागवून दाखवा म्हणतील. मी स्वतः लोगो करून पहिली कमाई केली ती याच मार्गानं आली होती, त्यामुळे थोडा पक्षपात असेल, कबूल.

मूळ लेखातलं एक्स डॉट कॉमबद्दलचं वाक्य आज रात्री बदलतो आणि भार्गव यांचा परिच्छेद टाकतो.