क्लॅन वॉर आणि मांडवीतली बोट

आज फोंड्याला एका मुंजीच्या जेवणावळीत एका काकांनी दहावीतल्या पोराच्या हातातला फोन काढून घेतला आणि चार माणसांत जाहीर केलं, "हो फाल्यां मांडवेंतल्या बोटीचेर वतलो, पळय!" म्हणजे उद्या हा मांडवीतल्या कसिनोच्या बोटीवर जुगार खेळायला जाणार. सगळे हसले. पोराचं तोंड एवढंसं झालं. क्लॅश ऑफ क्लॅन्स हा फोनवरचा गेम, त्यात खेळाडूंच्या गटाला क्लॅन म्हणतात. दोन क्लॅनच्या वॉरमधला त्याचा दुसरा अटॅक चालू होता. त्याच्या सैन्यातली राणी समोरच्या गावात शिरली होती, हॉग (डुकरांवरचे स्वार) अजून सोडायचे होते. तो अटॅक गेला. वाया गेलेला अटॅक परत मिळत नाही.

काका, एक तर त्या बोटीवर त्याला कोणी घेणारच नाही. २०२० च्या फेब्रुवारीपासून गोंयकाराला कसिनोत प्रवेश बंद आहे. आणि १९७६ च्या जुगाराच्या कायद्याला ठिगळं लावून या बोटी मांडवीत आणल्या त्या आपणच निवडून दिलेल्या शहाण्यांनी. फोनवर गेम खेळणाऱ्या पोरांनी नव्हे. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. त्यात पैसे लावून खेळायचे खेळ बंद केले आणि ई-स्पोर्ट्स, करमणुकीचे खेळ वेगळे काढले. दिल्लीत बसलेल्यांना जो फरक कळला तो फोंड्यात कळू नये?

तो पोरगा काय करत होता ते सांगतो, कारण हसणाऱ्यांपैकी एकालाही ते माहीत नव्हतं.

वॉरमध्ये दोन्ही बाजूंना सारखीच माणसं असतात, पाचापासून पन्नासापर्यंत. आधी २३ तास तयारी, मग २४ तास लढाई. माणशी दोनच अटॅक, आणि एका अटॅकला तीन मिनिटं. समोरचं गाव ५० टक्के पाडलं की एक तारा, टाऊन हॉल (गावातली मुख्य इमारत) पाडला की दुसरा, आणि काहीही शिल्लक ठेवलं नाही तरच तिसरा. ९९ टक्क्यांना दोनच तारे मिळतात. कोपऱ्यातली एक बिल्डरची झोपडी राहिली म्हणून अख्खी वॉर हातची जाते. त्यामुळे अटॅक सुरू करायच्या आधी गाव वाचावं लागतं, आणि या वाचण्यात जो वेळ जातो तोच खरा खेळ.

समजा समोर लेव्हल ११ चा टाऊन हॉल आहे. एअर डिफेन्स (उडणारं सैन्य पाडणाऱ्या तोफा) चार. ते कुठे आहेत, स्वीपरचं (उडणाऱ्यांना वाऱ्याने मागे ढकलणाऱ्या यंत्राचं) तोंड कुठल्या दिशेला आहे, दोन्ही इन्फर्नो (आग ओकणारे) टॉवर सिंगलवर आहेत की मल्टीवर, म्हणजे एकालाच जाळतात की अनेकांना, क्लॅन कॅसलमधलं (साथीदारांनी दिलेलं) सैन्य कुठपर्यंत आल्यावर बाहेर पडेल, हे सगळं आधी बघायचं. मग क्वीन चार्ज, म्हणजे राणीची चढाई. आर्चर क्वीनच्या मागे पाच हीलर (तिच्या जखमा भरणारे, उडणारे). एक हीलर १४ जागा खातो, म्हणजे २६० पैकी ७० जागा एकट्या राणीच्या सेवेत गेल्या. राणी नेहमी जवळची इमारत फोडते. दोन्ही बाजूंच्या कडेच्या इमारती आधी साफ केल्या नाहीत तर ती आत जातच नाही, भिंतीबाहेरून प्रदक्षिणा घालत बसते. नवखे इथेच मरतात. दोन्ही टोकांना एकेक बेबी ड्रॅगन किंवा दोन-तीन विझर्ड टाकून कडा मोकळी करा, मग वॉल ब्रेकरने भिंत फोडा. वॉल ब्रेकर उगाच मरत असतील तर चार अर्थक्वेक स्पेल (भूकंपाचे मंत्र) एकाच जागी टाका, कुठल्याही लेव्हलची भिंत जाते.

राणी आत गेली की धोके तीन. सिंगल इन्फर्नोचा मार सेकंदासेकंदाला वाढत जातो, म्हणून तो राणीवर लागल्या लागल्या फ्रीझ स्पेल, नंतर नाही. क्लॅन कॅसलचं सैन्य बाहेर पडलं की घोळक्यावर पॉयझन स्पेल. आणि हीलर एअर डिफेन्सच्या टप्प्यात जाऊ द्यायचे नाहीत, कारण ते राणीच्या मागे मागे तरंगत जातात आणि वाटेत काय आहे ते बघत नाहीत. सीकिंग एअर माइन (लपवलेला हवाई सुरुंग) तर नेमका एक हीलर उचलते, त्यावर उपाय नाही, म्हणूनच चार पुरत असताना पाच न्यायचे. राणीची अदृश्य व्हायची शक्ती जीव पावपर्यंत आला की वापरावी. "अजून थोडं थांबू" म्हणणाऱ्याची राणी मेलीच म्हणून समजा.

मग हॉग रायडर. ते भिंतीवरून उड्या मारतात आणि फक्त डिफेन्सवर जातात. जायंट बॉम्ब त्यांचा काळ आहे. दोन बॉम्ब शेजारी शेजारी पुरलेले असले तर अख्खी झुंड एका ठिणगीत संपते. म्हणून दोन डिफेन्सच्या मधली रिकामी जागा बघायची, बॉम्ब बहुधा तिथेच असतो. हील स्पेल हॉग पोचल्यावर टाकून उपयोग नाही, पोचायच्या एक सेकंद आधी टाकावा लागतो. शेवटी कोपऱ्यातल्या इमारतींसाठी चार-पाच विझर्ड हातात ठेवायचे. पन्नास सेकंद उरलेत आणि तीन कोपरे बाकी, ही अवस्था राणीवर फार वेळ घालवल्यामुळे येते.

पंधरा वर्षांचं पोर हे सगळं पत्रावळीसमोर बसून करत होतं. यात फासा कुठे आहे ते काकांनी दाखवावं. ट्रॅप दिसत नाहीत, एवढीच काय ती दैवाची बाजू.

(जेवताना फोन नको, हे काकांचं बरोबर होतं. दिलं.)

पण "जुगार" म्हणायचं? ज्याला एका अपग्रेडसाठी आठवडाभर थांबता येतं तो जुगारी? या खेळात एक रुपया न घालता वर जाता येतं, फक्त क्रम चुकवायचा नाही. जेम (गेममधलं चलन) मिळाले की ते घाई करण्यात उडवायचे नाहीत, बिल्डरच्या झोपड्या घ्यायच्या. तिसरी ५००, चौथी १०००, पाचवी २००० जेमना. म्हणजे ३५०० जेम, आणि ते गावातली झाडंझुडपं साफ करून आणि अचीव्हमेंट्समधून जमतात. नवा टाऊन हॉल झाला की आधी लॅबोरेटरी, आर्मी कॅम्प, क्लॅन कॅसल. मग हिरो. डिफेन्स त्यानंतर. भिंती उरलेल्या सोन्यात. बहुतेक जण उलटं करतात, सगळं अर्धवट टाकून टाऊन हॉल वर नेतात आणि मग वॉरमध्ये त्यांना त्यांच्या तिप्पट ताकदीचे शत्रू येतात. मग म्हणतात गेम पैसे मागतो. गेम पैसे मागत नाही हो, तुम्हाला धीर नाही.

रोल-प्लेइंगचं, म्हणजे एक पात्र घेऊन जगायच्या गेमचं म्हणाल तर अल्बियन ऑनलाइन बघा. २०२१ पासून फोनवर आहे. त्यात प्रत्येक शहराचा बाजार वेगळा, माल आपोआप इकडून तिकडे जात नाही. ब्रिजवॉचच्या माळरानावर कातडं मिळतं, पण ते कमावून घ्यायचा फायदा मार्टलॉकला. लिमहर्स्टच्या रानात लाकूड, पण फळ्या पाडायला फोर्ट स्टर्लिंग. मग कोणीतरी बैलावर लादून वाहतूक करतो आणि दोन भावांमधला फरक खातो. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात पेडण्याहून भाजी घेऊन येणारी बाई जे गणित घालते तेच हे गणित. ऑर्डर लावायची फी आणि विक्रीवरचा कर वजा करून उरत असेल तरच निघायचं. आणि रेड झोनमधून जाताना जे गमावलं तर झोप उडेल ते अंगावर घालायचं नाही, कारण तिथे मेलात की अंगावरचं सगळं जातं. लोक नेमकी सर्वांत भारी तलवार घेऊन जातात आणि मग चॅटवर रडतात.

आता गाचा, म्हणजे नशिबाने पात्रं ओढायचे गेम. हो, ती लॉटरीच आहे, त्यापुरतं काकांना मानतो, पुढे चला. गेन्शिन इम्पॅक्टमध्ये एका ओढीला पाच तारेवाल्या पात्राची मूळ शक्यता ०.६ टक्के. ९० ओढींत एक नक्की येतो, पण हवा तोच येईल याची खात्री पहिल्या खेपेला नाही. म्हणजे वाईटात वाईट १८० ओढी, आणि एका ओढीला १६० प्रिमोजेम (त्या गेममधलं चलन), एकूण २८,८००. तेवढे साठेपर्यंत बॅनरला, म्हणजे त्या सोडतीला, हात लावायचा नाही, विषय संपला. रेझिन (बक्षिसं घ्यायला लागणारी गेममधली ऊर्जा) २०० पर्यंत साठतं, आठ मिनिटांना एक, म्हणजे रिकामं भरायला २६ तास ४० मिनिटं. दिवसातून एकदा गेम उघडला तरी काही वाया जात नाही. आशिया सर्व्हरचा दिवस आपल्याकडे रात्री दीडला बदलतो, त्यासाठी जागायची गरज नाही, सकाळी दात घासताना होतं. पालक असाल तर प्ले स्टोअरमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड मागायची सेटिंग चालू करा आणि कार्ड त्या फोनवर ठेवू नका. पाच मिनिटांचं काम. हे न करता मुंजीत भाषण ठोकायचं!

वेळ जातो म्हणता? जातो की. जत्रेतल्या गडगड्याच्या (जुगाराच्या) पटाभोवती रात्र जाते तेव्हा कोणी कुणाच्या हातातून काही काढून घेतलेलं पाहिलं नाही. चवथीला पत्त्यांचा डाव पहाटेपर्यंत रंगतो, त्यात नाणी पण असतात, आणि तिथे हेच काका लोक मांडी ठोकून बसतात. ती परंपरा. बरं.

चिडून उपयोग नाही, मला माहीत आहे. काका वाईट माणूस नाही. त्यांना वाटतं पोर एकटं पडलंय. पण त्या फोनच्या आत पेडण्यापासून काणकोणापर्यंतची माणसं आहेत. एक तारवटी आहे, जहाज बंदराला लागलं की त्याला नेट मिळतं. तो समुद्रावर निघायच्या आधी आपलं वॉरचं बटण लाल करून जातो, म्हणजे लीडर त्याला यादीत घेत नाही आणि क्लॅनचे दोन अटॅक बुडत नाहीत. पोराने अटॅक बुडाल्यावर चॅटवर फक्त "सॉरी, घरचं कार्य" एवढंच लिहिलं होतं. खाली कोणी ओरडलं नाही. एकाने विचारलं, लाडू होते का? दुसऱ्याने आपला उरलेला अटॅक त्याच गावावर टाकला, त्याच बाजूने राणी नेली, आणि तिन्ही तारे काढले. काकांना हे दाखवायला हवं होतं, पण तोपर्यंत ते पान खायला गेले होते.

असो. महिन्याच्या सुरुवातीला क्लॅशमध्ये क्लॅन वॉर लीग आहे. सात दिवस, रोज एक वॉर, प्रत्येकी एकच अटॅक, त्यामुळे चुकीला जागा नाही. आमच्या क्लॅनमध्ये जागा रिकाम्या आहेत. टाऊन हॉल ११ किंवा वर, आणि हिरो अर्धवट सोडलेले नकोत. डोनेशन (साथीदारांकडून सैन्य) मागताना काय हवं ते लिहा, नुसतं "काहीही द्या" लिहिलं तर आर्चर मिळतील. सध्या पाऊस आणि वीज दोघांचाही भरवसा नाही, तेव्हा अटॅकच्या आधीच वायफाय बंद करून डेटावर या. मधेच राउटर गेला की उरलेलं सैन्य सोडताच येत नाही. ज्यांना यायचंय त्यांनी खाली आपला प्लेअर टॅग टाका. त्या पोराला मी आधीच यादीत घेतलंय.