वजन थांबलं म्हणजे द्रावक संपला असं नाही

पॉलिमर (लांब साखळ्यांच्या रेणूंचा पदार्थ) द्रावकात विरघळवून त्याच्या पातळ फिल्म बनवणाऱ्यांमध्ये एक नियम सर्रास सांगितला जातो: "द्रावकाच्या उत्कलनबिंदूच्या वर तापवा, वजन स्थिर झालं आणि वास गेला की द्रावक शून्य. फिल्म पातळ आहे, राहील कुठे?"

आधी उत्कलनबिंदू. तो मोकळ्या द्रवाचा असतो. फिल्ममध्ये मुरलेल्या द्रावकाला पॉलिमरच्या साखळ्यांमधून वाट काढावी लागते. इथिल ॲसिटेट हा द्रावक 77 अंश सेल्सियसला उकळतो, पण पीएमएमए (ॲक्रिलिक) हा पॉलिमर सुमारे 105 अंशांखाली काचेसारखा कडक असतो. ओल्या फिल्ममध्ये या साखळ्या सैल ठेवतो तो द्रावकच. तो जसा निघून जातो तशी फिल्म आवळते आणि मागे राहिलेल्याची वाट बंद होते. म्हणून 80 अंशांवर रात्रभर ठेवलेल्या फिल्ममध्येही द्रावक अडकून राहू शकतो. पाहायचं ते पॉलिमरचं काचसंक्रमण तापमान, म्हणजे ज्याखाली तो काचेसारखा कडक होतो ते.

"पातळ आहे" यात तथ्य आहे, ते मान्य करायला हवं. सुकायचा वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. पण विसरणाचा, म्हणजे द्रावक फिल्ममधून सरकत बाहेर येण्याचा, वेग कायम राहतो असं धरून केलेलं हे गणित आहे, आणि इथे तोच वेग कोसळतो.

वजनाचा भाग मला सर्वांत जास्त खटकतो. 100 नॅनोमीटर जाडीची, 1 चौरस सेंटीमीटरची फिल्म भरते जेमतेम 10 मायक्रोग्रॅम. त्यातला 1 टक्का द्रावक म्हणजे 0.1 मायक्रोग्रॅम. प्रयोगशाळेतला नेहमीचा तराजू 0.1 मिलिग्रॅमपर्यंत वाचतो, म्हणजे त्याला अख्खी फिल्मसुद्धा दिसत नाही! 5 मेगाहर्ट्‌झच्या क्वार्ट्‌झ स्फटिकावर (त्यावरचं वजन बदललं की त्याच्या कंपनांचा वेग बदलतो) हाच 1 टक्का साधारण 6 हर्ट्‌झचा फरक दाखवतो; तो मोजता येतो, तापमान काटेकोर स्थिर ठेवलं तर. तरीही कोणत्याही तराजूवर वजनातली घट बाहेर पडलेलंच सांगते. वजन थांबलं की आत अडकलेलं आणि मुळात नसलेलं तिच्या लेखी सारखंच.

वासाबद्दल काय बोलावं? नाकापर्यंत पोचतं तेही बाहेर आलेलंच.

हेडस्पेस गॅस क्रोमॅटोग्राफीतही (बंद कुपीत नमुना तापवून वरच्या हवेतले घटक वेगळे करून मोजण्याची पद्धत) ही अडचण उरते: कुपीच्या हवेत आलेला अंशच यंत्राकडे जातो. फिल्म दुसऱ्या द्रावकात पूर्ण विरघळवून ते द्रावण यंत्रात सोडलं, तर अडकलेलाही मोजला जातो. फक्त वर सांगितलेल्या फिल्ममधले 0.1 मायक्रोग्रॅम 1 मिलिलिटरमध्ये फारच विरळ होतात, म्हणून मोठं क्षेत्रफळ किंवा अनेक फिल्म एकत्र घ्याव्यात. सोबत, ज्या काचेवर फिल्म बनवली तशीच फिल्म नसलेली काचही त्याच पद्धतीने तपासावी, कारण प्रयोगशाळेच्या हवेतला द्रावक काचेवरही बसतो.