आयती माती? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

कातळावरच्या गाजर-बिटांवरच्या माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया वाचली. आधी तुमचं जे बरोबर आहे ते मान्य करतो. वाफ्याची खोली मी ९ इंच लिहिली होती. ती बिटाला पुरते, लांब गाजराला नाही. सव्वा फूट तरी हवी. लेखात दुरुस्ती केली आहे.

पण "आयती माती विकत आणून टाकली की कोणीही पिकवेल, यात कसली आलीय शेती" हे वाक्य मला लागलं. दोन दिवस झाले, डोक्यातून जात नाही. मत वेगळं असायला माझी हरकत नाही. सूर मात्र असा नको होता.

आयती म्हणजे काय हो? आमचं घर रत्नागिरीजवळ सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या माळावर. परसात कुदळ मारली की खण्णकन आवाज होतो आणि झिणझिण्या कोपरापर्यंत जातात. माती जेमतेम चार बोटं, तीही ३,००० मिलिमीटर पावसात धुऊन जायची. माझे वडील खालच्या पऱ्ह्याकाठची, म्हणजे ओढ्याकाठची, माती पाट्यांनी डोक्यावरून चढवायचे. मी आठवीत होतो. दर रविवारी माझ्या दहा पाट्या ठरलेल्या. त्यात विकतची एक पाटी नाही, आणि हे मूळ लेखात लिहिलंय. तो वाचलात का तुम्ही पुरता?

बाहेरची माती घातली की शेती नव्हे म्हणता, तर आमच्याकडचे कातळावरचे हापूस काय आहेत? सुरुंग लावून खड्डे फोडले, त्यांत माती भरली, तेव्हा कलमं उभी राहिली. त्यांना कोणी कुंडीतली हौस म्हणत नाही.

आणि माती आणली की झालं, असंही नाही. पहिल्या वर्षी मी अर्धवट कुजलेलं शेणखत घातलं. गाजर उपटलं तर दोन तंगड्यांचं, मध्ये जांभ्या दगडाचा खडा घट्ट धरलेला. मग सगळी माती वाळू चाळायच्या जाळीतून काढली, खत वर्षभर कुजवलं, आंबटपणा कमी व्हावा म्हणून चुलीतली राख मिसळली, चिरे लावून वाफे उंच केले. पेरणी पाऊस सरल्यावर, दिवाळीच्या सुमारास, आणि जागेवरच. रोप उपटून लावलं की सोटमूळ दुखावतं, गाजराला फाटे फुटतात.

"त्यापेक्षा करांदे लावा" म्हणालात, म्हणजे ते वेलीवरचे कंद. आमच्या कुंपणावर ते आजीपासून आहेत. खर्चाची आणि पाण्याची काळजी तुम्ही केलीत, ते माझं मी बघतो.

परवा पहिल्या वाफ्यातलं गाजर काढलं. वीतभर, सरळ. आईला चावत नाही, तिला किसून दिलं. वडील जाऊन सहा वर्षं झाली. वाफ्यात तळाला अजून त्यांनीच आणलेली माती आहे. पुन्हा लिहायचं तर जरूर लिहा, पण तिला आयती म्हणू नका.