तक्रार द्यायला निघालात? डबा घेऊन जा

काल चौकातल्या सभेत नेतेसाहेबांनी मुसलमानांच्या दुकानातून काही घेणार नाही, अशी सगळ्यांना शपथ घ्यायला लावली आणि तुम्हाला ते खटकलं. अजून खटकतं म्हणजे तब्येत ठणठणीत आहे. तेव्हा तक्रारीचं मनावर घेतलंच असेल तर या वाटेने चपला झिजवलेल्या माणसाचं ऐका.

खरं तर तुम्ही जायची गरजच नाही. द्वेषपूर्ण भाषण झालं की तक्रारीची वाट न बघता पोलिसांनी स्वतःहून गुन्हा नोंदवावा, बोलणाऱ्याचा धर्म बघू नये आणि कुचराई केली तर तो न्यायालयाचा अवमान समजू, असं सर्वोच्च न्यायालयाने २८ एप्रिल २०२३ रोजी सगळ्या राज्यांना बजावलंय. त्यामुळे स्टेजला पाठ करून जे पोलीस बंदोबस्ताला उभे होते ते एव्हाना लिहायला बसले असतील. बसले नसतील तर त्यांच्या बाजूचा स्पीकर बंद होता असं समजा.

तरी जाताय? मग डबा न्या. मोठे साहेब बंदोबस्तात असतात, बहुधा त्याच नेत्यांच्या पुढच्या सभेच्या. ठाणे अंमलदार तुमचं नाव विचारतील. नाव मुस्लिम निघालं तर 'तुम्ही मनाला लावून घेताय', नाही निघालं तर 'मग तुमचा काय संबंध?' मला दुसरा प्रश्न आला होता. तिसऱ्या कुठल्या नावाने गेलं तर चालतं, याचा शोध मी अजून घेतोय. मग हद्द निघते. स्टेज एका ठाण्यात, माणसं रस्त्यापलीकडे दुसऱ्या ठाण्यात. झिरो एफआयआर कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो हे तुम्हाला माहीत आहे, हे चेहऱ्यावर दिसू देऊ नका. 'वकील आहात का?' हा प्रश्न तिथे कौतुकाने विचारत नाहीत.

कलमं पाठ करून जा, पण ताजी. १ जुलै २०२४ पासून जुन्या दंड संहितेच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेत १५३-अ (गटागटांत वैर पसरवणं) चं १९६ झालं आणि २९५-अ (धार्मिक भावना मुद्दाम दुखावणं) चं २९९. जुनी सांगितलीत तर हसतात, नवी सांगितलीत तर 'बघून सांगतो' म्हणतात. बघायला प्राथमिक चौकशीचे १४ दिवस कायद्यानेच दिलेत.

हसण्यावरून आठवलं. हसत हसत बोललं तर त्यात गुन्हेगारी नसते, अशा अर्थाची टिप्पणी मार्च २०२२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात एका सुनावणीत झाली होती. निवडणुकीतल्या बोलण्याचा हिशेब वेगळा, असंही तिथे निघालं. तेव्हा व्हिडिओ थांबवून थांबवून बघा. दात दिसले तर घरी जा.

व्हिडिओ नेत्यांनीच आपल्या पेजवर टाकलाय, ढोलताशांसकट. पण तुमच्या पेनड्राइव्हसोबत साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं, म्हणजे डिजिटल पुराव्याचं, प्रमाणपत्र लागतं. त्यासाठी फाइलचा हॅश, म्हणजे तिचा डिजिटल अंगठा, काढून देणारा भाचा घरात असावा.

आणि समजा, गुन्हा नोंदवला! पेढे आणू नका. या कलमांखाली न्यायालयाने दखल घ्यायची तर आधी सरकारची मंजुरी लागते. नागरिक सुरक्षा संहितेचं, म्हणजे नव्या फौजदारी प्रक्रिया कायद्याचं, कलम २१७. फाइल मंत्रालयात जाते. म्हणजे साहेबांवर खटला भरावा का, हे साहेबांच्याच सरकारला विचारायचं. सरकार विचार करतं. सरकारला विचार करताना कधी बघितलंय? आवाज होत नाही. फाइल ज्या टेबलावर असते तिथे खुर्ची रिकामी असते आणि खुर्चीवर कोट असतो, म्हणजे माणूस आहे, आत्ता येतील. दरम्यान साहेब चार जिल्ह्यांत बोलून येतात, प्रत्येक ठिकाणी थोडं हसून.

निवडणूक लागली असेल तर तक्रारीसाठी निवडणूक आयोगाचं सी-व्हिजिल ॲप आहे. १०० मिनिटांत निपटारा. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात धर्मावरून वैर पसरवणं हा भ्रष्ट आचार आहेच. 'निकाली काढली' असा मेसेज आला की तक्रार निकाली निघाली, भाषण नव्हे, एवढा फरक लक्षात ठेवा.

एका गोष्टीची मात्र खात्री देतो. तुमच्या अर्जाची पोच मागायला तुम्ही तीन हेलपाटे घातले असतील, शिक्का सापडला नसेल. पुढच्या सभेच्या आदल्या रात्री हवालदार तुमच्याच दारात येतात. हातात त्याच नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६८ ची नोटीस असते, उद्या शांतता भंग करू नका म्हणून. पत्ता अचूक, हद्द बरोबर, शिक्का ठसठशीत. आणि पेन पुढे करून ते अदबीने म्हणतात, 'साहेब, तेवढी पोच द्या.'