रेफ्री म्हणजे खांब

गेल्या रविवारपासून आमच्या भागात माझं नाव खांब पडलंय. पतसंस्थेच्या काउंटरवर मी स्लिपा लावत असतो आणि काचेपलीकडून आवाज येतो, ‘काय खांबसाहेब, शिल्लक बघा की जरा!’ शिल्लक बघावीच लागते, ग्राहक म्हणजे देव. परवा तर आमच्या शिपायानं चहा ठेवताना ‘खांबाला बिनसाखरेचा’ म्हटलं आणि मॅनेजर फाइलीत तोंड घालून हसले.

झालं ते थोडक्यात सांगतो. पेठेतल्या एका मंडळाच्या सेव्हन-अ-साइड फुटबॉल स्पर्धा, शाळेचं मैदान, एप्रिलची दुपार, आणि रेफ्री मी. कॉर्नरला पेनल्टी एरियात जर्सी ओढाओढी सुरू झाली म्हणून मी आत जाऊन उभा राहिलो. लांबून फाऊल दिला की ‘तिथनं दिसलं व्हय?’ म्हणतात. बॉल डोक्यानं उडाला, पिवळ्या जर्सीतल्या एका पोरानं डोळे मिटून हाणला, तो माझ्या पाठीत बरोबर दोन खांद्यांच्या मधोमध बसला आणि दिशा बदलून जाळ्यात गेला. गोलकीपर दुसऱ्या बाजूला झेपावून मातीत पडला होता. पिवळे नाचायला लागले, हलगी सुरू झाली. मी शिट्टी मारली. गोल नाही. बॉल रेफ्रीला लागून थेट गोलमध्ये गेला तर खेळ तिथंच थांबतो, आणि हे पेनल्टी एरियात झालं असेल तर ड्रॉप बॉल, म्हणजे खेळ पुन्हा सुरू करायला रेफ्री हातातून सोडतो तो बॉल, गोलकीपरला मिळतो. नियमात असं स्वच्छ लिहिलंय. हलगी बंद पडली.

तेवढ्यात टचलाइनवरून आबांनी हाक मारली, ‘ओ रेफ्री, इकडं या.’

आबा म्हणजे पेठेतलं जुनं प्रकरण. एके काळी तालमीच्या संघात फुलबॅक होते. किती चांगले होते ते सांगणारं दुसरं कुणी आता हयात नसल्यामुळं फारच चांगले होते. डोक्यावर छत्री, मांडीवर भडंगाचा पुडा, आणि बूड टेकलेल्या प्लास्टिकच्या खुर्चीचे पुढचे दोन पाय फक्कीच्या रेषेच्या आत, म्हणजे कायद्यानं मैदानात. सामन्याआधी मी खुर्ची मागं घ्यायची विनंती केली होती. त्यावर त्यांनी रेषा पुढं सरकवायला सांगितलं होतं.

खेळ थांबवून रेफ्रीनं प्रेक्षकाकडं जायचं नसतं. मी गेलो.

‘गोल हाय त्यो.’

‘आबा, बॉल मला लागून गेला.’

‘मग? खांबाला लागून आत गेला तर गोल धरतोस का न्हाई?’

‘धरतो.’

‘मग तू कोण हाईस?’

‘रेफ्री.’

‘रेफ्री म्हंजे खांबच की. मैदानात हुबा ऱ्हातोय, बॉलला पाय लावत न्हाई, कुणाच्या बाजूचा न्हाई. खांब.’

आता इथं एक गोष्ट मला नाइलाजानं सांगावी लागते. आबांचं म्हणणं शिळं होतं, पण खोटं नव्हतं. पूर्वी रेफ्रीला लागलेला बॉल चालूच धरायचे. 1983 साली ब्राझीलमध्ये सान्तोस आणि पाल्मेरास यांच्या सामन्यात जोझे द असिस अरागाओ या रेफ्रीला लागून बॉल गोलमध्ये गेला, गोल धरला गेला आणि सामना 2-2 असा सुटला. पण हे आबांना सांगणं म्हणजे फिर्यादीच्या हाती आपणच पुरावा देणं. मी गप्प बसलो.

‘नियम बदललाय आबा. 1 जून 2019 पासून.’

‘कुणी बदलला?’

‘आयएफएबीनं.’

‘कोण त्यो?’

‘तो नव्हे, संस्था आहे. 1886 सालची. झ्युरिकला ऑफिस आहे.’

‘सभासद किती?’

संस्था, सभासद हे शब्द कानावर आले की पतसंस्थेच्या माणसाला राहवत नाही. मी सगळं सांगत बसलो. इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स, उत्तर आयर्लंड यांना एकेक मत, फिफाला चार. आठातली सहा पडली की नियम बदलतो.

आबांचं चावणं थांबलं. ‘आठ मतात? साऱ्या जगाचा नियम? आमच्या तालमीचा खजिनदार बदलायचा हुता तर साठ सह्या लागल्या. सर्वसाधारण सभा तरी घेतली का?’

‘घेतात की, दरवर्षी.’

‘नोटीस आली हुती पेठंत?’

‘नाही.’

‘मग कोरम कसा झाला? आनि ह्ये वेल्स कुठं आलं?’

‘इंग्लंडच्या शेजारी.’

‘त्येला एक मत, आनि कोल्हापूरला न्हाई?’

या प्रश्नाला माझ्याकडं उत्तर नव्हतं. ज्या गावात तालमीतल्या पैलवानांच्या शेजारी फुटबॉलचे संघ वाढले, जिथं शाहू स्टेडियमवर पेठेची मॅच असली की दुकानदार शटर अर्धं ओढून निघतात, जिथं वर्ल्ड कप आला की सख्खे भाऊ ब्राझील आणि अर्जेंटिना अशी वाटणी करतात, त्या गावाला अर्धं मत द्यायला काय हरकत होती? अर्थात अर्धं मत आलं असतं तर शिवाजी पेठेत द्यायचं की मंगळवार पेठेत, यावरून फिफाला बंदोबस्त मागवावा लागला असता.

एव्हाना आमच्याभोवती रिंगण झालं होतं. ज्याच्यासाठी मी हा सगळा गळा काढत होतो तो गोलकीपरच आबांच्या पुड्यातलं भडंग खात होता. त्याचं मत विचारलं तर म्हणाला, ‘आबा म्हणत्यात तर असंल गोल.’ मग आबांनी लसणाची एक तळलेली पाकळी वेचून माझ्यापुढं धरली आणि समजुतीच्या सुरात म्हणाले, ‘खा. डोकं चालंल.’

मी खाल्ली. चांगली होती.

खिशात कार्डं होती. त्याच 2019 च्या दुरुस्तीनं कोच, मॅनेजर अशा बाकावरच्या मंडळींनाही पिवळं-लाल कार्ड दाखवायची सोय झाली. आबा कोच नव्हते, मॅनेजर नव्हते. ते खुर्ची होते, आणि खुर्चीला कार्ड दाखवायची तरतूद सतरा नियमांत कुठंच नाही. तशीही आमच्याकडं कार्डांची फारशी मात्रा चालत नाही. केन ॲस्टन नावाच्या इंग्लिश रेफ्रीला ही कल्पना रस्त्यावरच्या सिग्नलवरून सुचली आणि 1970 च्या मेक्सिको वर्ल्ड कपमध्ये कार्डं पहिल्यांदा आली. पिवळं म्हणजे सबुरी, लाल म्हणजे थांबा. लंडनमध्ये सुचलेली गोष्ट लंडनमध्ये ठीक. आमच्या चौकात पिवळा म्हणजे ‘हाण गाडी, लाल व्हायच्या आत काढ’. पोरांना पिवळं दाखवलं की तीही तेच करतात.

शेवटी ड्रॉप बॉल मी गोलकीपरलाच दिला. बाकीचे चार मीटर लांब हवेत म्हटल्यावर आबांनी चार मीटर छत्रीनं मोजून दिले. छत्री किती लांबीची, ते विचारायची ताकद माझ्यात उरली नव्हती. पिवळे एका गोलनं हरले. आणि मी पेठेच्या इतिहासात खांब म्हणून दाखल झालो.

खांब म्हणा, माझं काही जात नाही. म्हणजे जातं, पण गिळता येतं. लाइनवर झेंडा धरायला मंडळानं अकरावीतलं एक पोरगं दिलं होतं. ऑफसाइड थ्रोवर नसतो, गोलकिकवर नसतो, कॉर्नरवर नसतो, एवढं मैदानात मी सोडून त्या एकट्याला ठाऊक होतं. थ्रोवरून एक गोल झाला, त्यानं झेंडा खालीच ठेवला, तो बरोबरच होता. तर चांगल्या नोकरीतला, पोरगी इंजिनिअरिंगला असलेला एक गृहस्थ त्याला सबंध हाफभर आईवरून बोलत राहिला. मी दोनदा खेळ थांबवला. संयोजकांना सांगितलं तर म्हणाले, ‘सर, देणगीदार हायत, जाऊ द्या.’ हाफटाइमला त्या पोरानं झेंडा गुंडाळला, टेबलावर ठेवला आणि सायकल काढून निघून गेला. उरलेल्या सामन्याला त्या बाजूला लाइनमन नव्हता. त्याचं कुणाला काही वाटलं नाही, फक्त ऑफसाइड दिला नाही म्हणून त्याच गृहस्थानं नंतर मला धरलं. वर हीच माणसं संध्याकाळी कट्ट्यावर म्हणतात, आपल्याकडं चांगले रेफ्री तयार होत नाहीत. होतील कसे?

बक्षीस समारंभ दिवे लागेपर्यंत चालला. मानधन पाचशे ठरलं होतं. ‘थांबा सर, स्टेजवरच देतो, मान असतोय,’ म्हणाले. दोन नगरसेवक, एक माजी नगरसेवक आणि एक होऊ घातलेला, अशी भाषणं झाली. माझं नाव पुकारलं, खांद्यावर शाल पडली, फोटो निघाला. मी जिना उतरतोय तोवर मागून एका कार्यकर्त्यानं शाल अलगद ओढून घेतली, कारण पुढं ग्राउंडमनचा सत्कार होता आणि शाल एकच होती. नारळ मात्र माझ्याकडं राहिला. पाकीट नव्हतंच. खजिनदार कुठाय विचारलं तर तो स्पीकरवाल्याचं भाडं चुकवायला गेलेला. स्पीकरवाला शहाणा, पैसे घेतल्याशिवाय वायर गुंडाळत नाही.

बायकोनं नारळ हलवून बघितला आणि म्हणाली, ‘पाणी नाही ह्यात.’

काल संयोजकाचा फोन आला. ‘सर, रविवारी फायनल हाय. आबांनी खास तुमचंच नाव घेतलंय. म्हणाले, त्योच खांब पायजे.’

‘मागचे पाचशे?’

‘ते बघू की वो, तुम्ही काय परके हाय का?’

‘आणि झेंड्याला कोण?’

‘त्ये पोरगं न्हाई म्हणालंय. आबा धरतो म्हणत्यात, खुर्चीत बसून.’

पैसे हातात पडल्याशिवाय मी मैदानात पाऊल टाकणार नाही, असं मी त्याला चांगलं ठणकावून सांगितलं. तोवर त्यानं फोन ठेवला होता.