तोडे, घोडे आणि बडोद्याची ‘ती’ राणी

परवा आमच्या फॅमिली ग्रुपवर कुणीतरी बडोद्याच्या महाराणी सीतादेवींचा फोटो टाकला. गळ्यात बडोद्याचा तो सात पदरी मोत्यांचा हार. पाच मिनिटांत आत्याचा मेसेज: "हिनेच बडोदं धुऊन नेलं." आत्या बडोद्याच्या डांडिया बाजारात वाढलेली. घरातलीच कुणी पळून गेलेली बाई असावी, तसा तिच्या पिढीचा आवाज हे नाव घेताना खाली यायचा. मेसेजवर धडाधड अंगठे पडले. तिथे गप्प बसले, इथे बोलते.

धुऊन नेलं, मान्य. पण तिजोरीच्या किल्ल्या कुणाच्या कनवटीला होत्या?

१९४३, मद्रासचं रेसकोर्स. बडोद्याचे प्रतापसिंहराव गायकवाड, सयाजीराव महाराजांचे नातू, चार वर्षांपूर्वी गादीवर आलेले. घरी शांतादेवी, कोल्हापूरकडच्या घोरपड्यांच्या लेक, आणि मुलंबाळं. समोर सीतादेवी: आंध्रातल्या पिठापुरमची राजकन्या, वुय्युरूच्या जमीनदाराची बायको, वय २६. पुढचं सगळं वकिलांनी पार पाडलं. बाईंनी इस्लाम स्वीकारला, नवऱ्याला नोटीस दिली, त्याने धर्म बदलायला नकार दिला, कोर्टाने लग्न मोडलं. मग आर्यसमाजी पद्धतीने शुद्धी आणि वर्षअखेरीला गायकवाडांशी लग्न.

मला यातली गंमत वेगळीच वाटते. हिंदू बाईला घटस्फोट देणारा कायदा सयाजीरावांनी १९३१ मध्येच केला होता. पण तो बडोद्यापुरता. मद्रास इलाख्यातल्या बाईला सुटका हवी तर धर्मच बदलावा लागे. आणि त्याच बडोद्यात पहिली बायको असताना दुसरी करायला बंदी होती. महाराजांचं म्हणणं पडलं, कायदा प्रजेसाठी, आम्हाला लागू नाही! आजोबांनी ज्या संस्थानाला सुधारणांची सवय लावली, तिथे नातवाने हे ऐकवलं. तरी शिव्या खाल्ल्या कुणी, तर ‘त्या मद्राशिणीने’.

इंग्रजांनी तिला ‘हर हायनेस’ म्हणायचं नाकारलं. मग जोडप्याने युरोपच गाठला. १९४६ च्या सुमारास मोनॅकोत घर झालं आणि दागिने हळूहळू तिकडे जाऊ लागले. इंग्लंडात न्यूमार्केटला शर्यतीच्या घोड्यांचे तबेले झाले. १९४५ मध्ये महाराजांनी तब्बल २८,००० गिनीला एक शिंगरू घेतलं. त्या काळचा विक्रम. नाव ठेवलं ‘सयाजीराव’. हो, आजोबांचंच! १९४७ मध्ये, देश स्वतंत्र झाल्यानंतर महिन्याभरातच, या सयाजीरावाने इंग्लंडमधली सेंट लेजर शर्यत मारली. पुढच्या वर्षी त्यांच्याच ‘माय बाबू’ या घोड्याने तिथलीच टू थाउजंड गिनीज ही शर्यत जिंकली. घोड्यांची पारख होती माणसाला, हे कबूल करावंच लागतं.

१९४८ ची अमेरिकावारी मात्र महागात पडली. काही आठवड्यांत एक कोटी डॉलर उडवले असं सांगतात. आकडा थोडा फुगवलेला असेल, पण इकडे फाळणीचे निर्वासित छावण्यांत आणि तिकडे यांची खरेदी, हे कुणाच्या डोळ्यांवर येणार नाही? दिल्लीने हिशेब तपासायला घेतले, तेव्हा खजिन्यातून महाराजांनी उचललेल्या रकमा बाहेर आल्या. महाराजांनी, आत्या!

आणि याच माणसाने ३० एप्रिल १९४९ ला, संस्थान मुंबई राज्यात विलीन व्हायच्या आदल्या दिवशी, आजोबांच्या नावाचं विद्यापीठ उभं केलं. हंसाबेन मेहता पहिल्या कुलगुरू. आमच्या घरातल्या तीन पिढ्या तिथे शिकल्या. पुढे शांतादेवींच्या कन्या मृणालिनीदेवी तिथे कित्येक वर्षं कुलपती होत्या. पण फॉरवर्ड फिरतो तो हाराचा.

१९५१ मध्ये सरकारने प्रतापसिंहरावांची महाराजा म्हणून मान्यता काढून घेतली आणि शांतादेवींचे चिरंजीव फत्तेसिंहराव गादीवर आले. १९५६ ला सीतादेवींशी घटस्फोट झाला. त्या पॅरिस-मोनॅकोत राहिल्या, एकेक दागिना विकत. त्यांचे पायांतले पाचू-हिऱ्यांचे तोडे न्यूयॉर्कच्या हॅरी विन्स्टन या जवाहिऱ्याने घेतले. त्याने त्या तोड्यांचा गळ्यातला हार केला आणि तो विकला कुणाला, तर विंडसरच्या डचेसला. तीच ती, जिच्यासाठी एडवर्डने इंग्लंडचं राज्य सोडलं. १९५७ मध्ये एका समारंभात सगळे त्या हाराचं कौतुक करत असताना सीतादेवी म्हणे सहज बोलून गेल्या, माझ्या पायांतही ते असेच शोभायचे. डचेसने हार परत पाठवून दिला. तिखटमीठ लागलं असेल गोष्टीला, पण मला ती फार आवडते.

शेवट मात्र आवडण्यासारखा नाही. १९८५ मध्ये त्यांचा एकुलता मुलगा गेला, वय चाळीस. चार वर्षांनी पॅरिसमध्ये त्याही गेल्या. शांतादेवी बडोद्यातच राहिल्या, मुलं वाढवली. त्यांचा फोटो आजवर एकदाही कुणी ग्रुपवर टाकलेला नाही.

हे सगळं आत्याला फोनवर वाचून दाखवलं. शांतपणे ऐकून घेतलं तिने. मग म्हणाली, "ते सगळं खरं गं. पण हार परत आणायला हवा होता."