‘तेही बाहेरूनच आले ना?’

अमेरिकेतल्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर स्थलांतराचा विषय निघाला की कुणीतरी हमखास हा हुकमी एक्का टाकतो: ‘अहो, रेड इंडियन तरी कुठले तिथले? तेही सायबेरियातून चालत आलेच ना!’ त्यावर भराभर अंगठे पडतात आणि विषय संपतो.

मला राग येतो तो या वाक्यामागच्या चित्राचा. कुणीतरी गाठोडं बांधून निघालं, पूल ओलांडला, पलीकडे जाऊन बिऱ्हाड मांडलं. असं काही घडलेलंच नाही.

हिमयुगात इतकं पाणी बर्फात अडकलं होतं की समुद्र आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होता. सायबेरिया आणि अलास्का यांच्यामधली बेरिंगची सामुद्रधुनी आज जेमतेम ८५ किलोमीटर रुंद आणि उथळ; ती तेव्हा कोरडी होती. आपण तिला पूल म्हणतो खरं, पण तो दक्षिणोत्तर हजारेक किलोमीटर पसरलेला मुलूख होता. तिथे मॅमथ, बायसन, रानघोडे चरायचे. आपण एक खंड सोडून दुसऱ्यात शिरतोय, हे तिथल्या माणसाला कळणार तरी कसं? शिकार आणि सरपण मिळेल तिकडे माणसं सरकत गेली, पोरं मोठी झाली की पुढच्या नदीकाठी गेली. शिवाय पुढे कॅनडावर बर्फाच्या दोन अवाढव्य चादरी आडव्या पडल्या होत्या.

जनुकांचा अभ्यास सांगतो की हे लोक आशियातल्या नातलगांपासून तुटून काही हजार वर्षं वेगळेच राहिले, बहुधा याच मुलखात. त्यांचा सुमारे एक तृतीयांश वारसा बैकल सरोवराजवळ माल्टा इथं २४,००० वर्षांपूर्वी पुरलेल्या एका मुलाच्या लोकांकडून येतो, बाकीचा पूर्व आशियातून. हे मिश्रण होऊन जो समाज घडला, तो तेव्हा जगात दुसरीकडे कुठेच नव्हता. मग ‘सायबेरियन’ म्हणायचं कुणाला?

आता ते खाली कसे उतरले? विसाव्या शतकात बराच काळ एकच पोथी वाचली जायची: सुमारे १३,००० वर्षांपूर्वी दोन चादरींच्या मधून वाट उघडली आणि भालेवाले शिकारी मॅमथच्या मागे दक्षिणेला आले. न्यू मेक्सिकोतल्या क्लोव्हिस गावाजवळ त्यांची दगडी पाती सापडली, म्हणून ते ‘क्लोव्हिस’. त्यांच्याआधी कुणी होतं म्हणणाऱ्याची खैर नसे. पुरातत्त्वज्ञ टॉम डिलहे यांनी १९७७ पासून दक्षिण चिलीत माँते वेर्दे इथं उत्खनन केलं. दलदलीच्या मातीनं एरवी कुजून जाणाऱ्या गोष्टी राखल्या होत्या: झोपड्यांचे ओंडके, गाठ मारलेल्या दोऱ्या, रानबटाट्याचे अवशेष, सगळं सुमारे १४,५०० वर्षांपूर्वीचं. आणि किनारा कित्येक मैल लांब असूनही समुद्री शैवाल! त्यातलं काही चावून चघळून गोळे केलेलं, औषध म्हणून असावं. मॅमथच्या पोथीत शैवालाला जागाच नव्हती. शेवटी १९९७ मध्ये तज्ज्ञ स्वतः तिथे जाऊन पाहून आले, तेव्हा कुठे बहुतेकांनी मान डोलावली.

पुढे कळलं की त्या बर्फामधल्या वाटेवर सुमारे १२,६०० वर्षांपूर्वीपर्यंत धड झाडोरा नव्हता, जनावरं नव्हती. चालणारा उपाशी मेला असता. मला तर किनाऱ्याची वाट जास्त पटते. (कोकणी माणूस, दुसरं काय म्हणणार!) होडीवाल्याला पुढच्या खाडीत तेच मासे, तेच शिंपले, तेच सील मिळतात, जगण्याची रीत बदलावी लागत नाही. आणि होड्या होत्याच. कॅलिफोर्नियाजवळच्या सांता रोझा बेटावर सुमारे १३,००० वर्षांपूर्वीची मानवी हाडं मिळाली आहेत. ते बेट तेव्हाही मुख्य भूमीला जोडलेलं नव्हतं. न्यू मेक्सिकोतल्या व्हाइट सँड्सच्या पाऊलखुणा तर २१ ते २३ हजार वर्षांपूर्वीच्या असल्याचं २०२१ मध्ये जाहीर झालं. त्या तारखांवर खूप वाजलं, पण नंतर वेगळ्या पद्धतींनीही तेच आकडे आले.

तरीही ‘बाहेरचे’ म्हणायचंच असेल, तर मोजपट्टी सगळ्यांना एकच लावा. आजच्या इंग्रजांचे बहुतांश पूर्वज ब्रिटनमध्ये आले ते गेल्या साडेचार हजार वर्षांत. तरी इंग्रजांना ‘तुम्ही मूळचे कुठले’ असं कुणी विचारत नाही. (भारतात कोण कधी आलं, हे आज नको. कॉमेंटमध्ये कुरुक्षेत्र होईल.)

हा वाद नुसता ग्रुपवरचा नाही. १९९६ मध्ये वॉशिंग्टन राज्यात केनेविकजवळ कोलंबिया नदीच्या काठी एक सांगाडा सापडला, सुमारे साडेआठ हजार वर्षांपूर्वीचा. कवटी बघून सुरुवातीला तो युरोपीय वळणाचा वाटला, आणि ‘बघा, आधी गोरेच होते’ म्हणणाऱ्यांना ऊत आला. तिथल्या उमाटिला आणि शेजारच्या मूळ अमेरिकन जमाती पहिल्यापासून सांगत होत्या की हा आमचा पूर्वज आहे, आम्हाला पुरू द्या. अभ्यासासाठी शास्त्रज्ञ कोर्टात गेले. २००४ मध्ये कोर्टानं ठरवलं की नातं सिद्ध होत नाही. २०१५ मध्ये डीएनए आला: आजच्या मूळ अमेरिकनांशीच सगळ्यात जवळचं नातं. २०१७ च्या फेब्रुवारीत जमातींनी त्याला पुरलं. आपल्याच पूर्वजाच्या अस्थी मिळवायला त्यांना वीस वर्षं लागली, आणि त्या वीस वर्षांत त्यांनाही हेच ऐकवलं जात होतं की तुम्ही तरी कुठले इथले!